टाकीतला आर्गॉन

ती. ताईस, पाया पडतो.

पाकिटावर सवयीने 'सौ.' लिहून बसलो. मग पाकीट बदललं.

साहेबांनी तुला फोनवर हार्ट अटॅक सांगितला. ते खोटं आहे. दाजींचं हृदय ठणठणीत होतं.

आम्ही दोघं स्टीलच्या टाकीचं वेल्डिंग करत होतो. सांधा काळा पडू नये म्हणून आत आर्गॉन भरतात. आपलीच हवा भयंकर थंड करून तिच्यातून हा वायू वेगळा काढतात. त्याला ना वास, ना रंग. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो आणि तिथे श्वासाला ऑक्सिजनच उरत नाही. तो घालवायला पंखा लावून तासभर थांबावं लागतं.

मुकादम म्हणाला, "तासभर कोण थांबणार? पटकन आतून सांधा बघून या."

दाजी शिडीने उतरले, सांधा बघायला वाकले आणि तसेच आडवे झाले. साधा खोकलाही नाही. त्रास झाला नसणार गं, एवढं मनात धर.

मी उतरायला लागलो तर मुकादमाने कॉलर धरली. "तूही मरशील!" त्याचं बरोबर होतं, हेच मला छळतं.

आईचा गुडघा कसा आहे? धाकटी बाबांचं विचारते का?

दाजींना नेल्यावर मुकादमाने परत गॅस भरून उरलेला सांधा माझ्याकडूनच पुरा करून घेतला. चांदीसारखा लखलखीत आला. पाठ थोपटून तो म्हणाला, "असा सांधा तुझ्या दाजीलाही कधी जमला नाही."

ताई, मी त्याला थँक्यू म्हणालो.

तुझाच,
भाऊ