मनगटावर दोनदा

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, धंदा ठरलेल्या कुस्त्या लढणे, रिंगमधले नाव 'जळू', हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. मला कोणी भरीस घातलेले नाही. मी शुद्धीवर आहे. कालपासून नीट जेवलेले नाही, पण त्याने शुद्ध कमी होत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. शुक्रवारी माझ्या मानेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. यावरून कळते की ते मला ओळखत नाहीत.

वाचणाऱ्याला धंदा कळावा म्हणून सांगते. ठरलेल्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरते. पडावे मात्र खरेच लागते. हे बाहेर बोलायचे नाही असा आमच्या घराचा नियम आहे. तो मी या कागदापुरता मोडते. बाबा रिंग बांधायचे आणि शिकवायचे, आई कपडे शिवायची, आत्या पंच असायची, ताई आणि मी लढायचो. चौदाव्या वर्षापासून मी गोदामांत, बाजारपटांगणांत, बंद पडलेल्या चित्रपटगृहांत लढले आहे. ताई 'वीज', लोकांची लाडकी. मी 'जळू', कारण पाय धरला की सोडायचा नाही हे माझे काम. "जळूला मीठ टाका!" असे लोक ओरडत. काही जण घरून पुड्या बांधून आणत.

ताई गेली त्याला अडीच वर्षे झाली.

कलम १. माझ्या नावावरच्या मागच्या दोन खोल्या आईला द्याव्यात. (इथले बाबांचे नाव खोडले आहे, कारण पुरवणीत.) आतल्या खोलीत दोन खाटा आहेत. भिंतीकडची ताईची. तिची चादर मी दर रविवारी बदलते आणि दर रविवारी ती चुरगळलेली असते. मांजर असेल, असे मी आईला सांगते. आमच्याकडे मांजर नाही.

कलम २. बँकेत असेल ते आईच्या डोळ्यांच्या उपचारासाठी. तिने "मला कशाला" म्हणू नये.

कलम ३. जळूचा हिरवा अंगरखा पहिल्या रांगेतल्या गुलाबी स्वेटरवाल्या आजींना द्यावा. त्यांनी दहा वर्षे एकही खेळ न चुकवता माझे वाटोळे चिंतले आणि मध्यंतरात दर वेळी विचारले, "काही खाल्लंस का गं, मेले?" अंगरखा जाळायचा असेल तर त्यांनी खुशाल जाळावा.

कलम ४. बूट आणि गुडघ्यांच्या पट्ट्या ज्या मुलीच्या मापाच्या असतील तिला. सरावाची गादी मात्र कोणालाही देऊ नये. दुपारी तीनच्या सुमारास त्या खोलीत कोणी नसताना गादीवर पडल्याचा आवाज येतो. आधी पाठ, मग टाचा. ताई तशीच पडायची. आई शिवण थांबवते, टाचांचा आवाज येईपर्यंत सुई उचललेली ठेवते, मग पुन्हा मशीन चालवते. आम्ही यावर कधी बोललो नाही.

कलम ५. पुस्तके आणि माझे शाळेचे दाखले आत्याला. आम्ही सतत फिरतीवर, म्हणून अक्षरओळख तिनेच करून दिली, खेळाच्या जाहिराती पुढे धरून. उशिरा शाळेत गेले तेव्हा मला 'क' कमळाचा येत नव्हता, कुस्तीचा येत होता. बाई हसल्या. आत्या दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यांना म्हणाली, "वाचता येतंय ना? मग फूल कशाला हवंय?"

कलम ६. आयोजकांना काही नाही. पुढच्या हंगामाच्या जाहिरातीवर त्यांनी ताईच्या पडण्याचा फोटो छापला. जाब विचारला तर म्हणाले, "लोक विसरतात गं, आपण आठवण ठेवायची." मी अकरा भिंतींवरून तो फोटो नखांनी खरवडला. माझा फोटो त्यांना वापरू देऊ नये.

कलम ७. हे कलम बाबांसाठी आहे.

रिंगच्या गादीखाली लाकडी फळ्या असतात. ताई गेली त्या रविवारी सकाळी बाबांनी त्यातली एक बदलली. ती दोन बोटे आखूड होती, म्हणून ताई पडली तिथे खालून आधार नव्हता, असे त्यांचे म्हणणे. चौकशीत ते म्हणाले, "फळी माझी, चूक माझी." त्यानंतर त्यांनी रिंग बांधली नाही. ती फळी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी आहे. रोज सकाळी चहाआधी ते ती मोजतात. आई म्हणते, "वाढणार आहे का आता ती?" ते पुन्हा मोजतात.

खरे असे आहे. ज्याला उचलले त्याने, टाकण्याआधी, उचलणाऱ्याचे मनगट दाबायचे असते. एकदा म्हणजे तयार. दोनदा म्हणजे थांब. बाबांनी आम्हाला आधी हे शिकवले, पडायला नंतर. पण ताई खोडकर. मी तिला खांद्यावर उलटी धरली की ती मुद्दाम दोनदा दाबायची, माझे पाय लटपटेपर्यंत मला ताटकळत ठेवायची आणि माझ्या पाठीत तोंड खुपसून हसायची. खेळ संपल्यावर विचारायची, "काय गं जळे, दमलीस?" मी दर वेळी थांबले. त्या रविवारी तिने दोनदा दाबले, आणि मी मनात म्हटले, आज नाही हं. आणि टाकले.

ती उठली नाही. उठायचे नव्हतेच, आत्या तीन मोजेपर्यंत तिने पडून राहायचे होते. ठरल्याप्रमाणे मी तिच्या छातीवर पाय ठेवला आणि दोन्ही हात वर केले. लोकांनी मीठ फेकले. ते तिच्या डोळ्यांत पडले आणि पापणी हलली नाही. तेव्हा मला कळले. तरी हात खाली घ्यायला मी वेळ लावला, कारण आत्या अजून मोजत होती.

चौकशीत विचारले, "तिने काही खूण केली होती का?" मी म्हणाले, "नाही." बाबा शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर मी ज्यांना ज्यांना उचलले त्यांनी एकदाच दाबल्याची शपथ घेतली. माझ्या मनगटाला दर वेळी दोनदा लागले. म्हणून वर्षभर मी कोणाला उचललेले नाही. मानेचे दुखणे नंतरचे. लोकांना उलटे वाटते, मीही वाटू दिले.

वकीलबाई हे वाचून म्हणाल्या, "अहो, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात. हे कशाला?"

"हे फक्त माझ्याकडेच आहे."

"आणि देताय कोणाला?"

"बाबांना."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कलमाला क्रमांक घातला.

कलम ८. या कागदाची अंमलबजावणी आत्याने करावी. मला निरोप देताना रिंगमधले नाव पुकारू नये. आईने रडावे, पण रक्तदाबाची गोळी घेऊन.

पुरवणी. वरचा मजकूर टाइप झाल्यावर माझ्या लक्षात आले की शुक्रवारी मी शस्त्रक्रियेतून वाचले तर हा कागद कपाटात जाईल, आणि शनिवारी सकाळी बाबा पुन्हा फळी मोजतील. म्हणून मी त्यांनाच साक्षीदार म्हणून बोलावून घेतले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून कलम एकमधले त्यांचे नाव खोडून आईचे घातले. खोडाखोडीवर माझी सही आहे. "साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते," असेही त्या म्हणाल्या. मी म्हणाले, वाचू द्या.

पुढे जे झाले ते मी लगेच हाताने लिहीत आहे, म्हणजे नंतर मला ते बदलता येणार नाही.

बाबांनी खिडकीशी उभ्यानेच वाचले. शेवटपर्यंत गेले, मग सातव्या कलमावर परत आले. मग विचारले, "हसत होती का?"

"दिसलं नाही, बाबा. तोंड माझ्या पाठीकडे होतं."

"पाठीला कळतं."

अडीच वर्षे मी मनगटच आठवत होते. पाठ एकदाही आठवली नव्हती. आता आठवली.

"नव्हती हसत," मी म्हणाले.

वकीलबाईंनी हळूच सांगितले की लिहून देणारी शुद्धीवर आहे, असे साक्षीदाराने पाहून म्हणावे लागते. बाबा माझ्याकडे बघत राहिले, इतका वेळ की लेखनिकाने मान खाली घातली.

"आहे शुद्धीवर," ते म्हणाले. "कुठे करायची सही?"

ठिकाण: वकीलबाईंचे कार्यालय, जिन्याच्या वरची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा बुधवार, दुपारी सव्वाचार.

लिहून देणारी: (सही)

साक्षीदार १: कार्यालयातील लेखनिक. मजकूर वाचलेला नाही. सह्या होताना पाहिल्या. (सही)

साक्षीदार २: लिहून देणारीचे वडील. मजकूर वाचला. (सही)
सहीखाली त्यांच्या हातचे: बाकीचं घरी बोलू.