ईरम्माचं मनगट

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

परवा लिहिलं ते चूक आहे. दुरुस्त करते.

मी लिहिलं होतं, अब्बा पोलिसांना म्हणाले, "या बाईला मी बांगड्या भरल्या नाहीत." असं ते म्हणालेच नव्हते. खून झालेल्या ईरम्माचा फोटो बघून ते म्हणाले, "ये चेहरा मैं पैचानता नै." जबाबात उतरलं — मयताला कधी भेटलो नाही. अब्बांनी खाली सही केली. त्या एका वाक्यावर ते खोटारडे ठरले, आणि मीही घरात बसून त्यांच्या तोंडी नसलेलं वाक्य घातलं!

अब्बा बायकांचे चेहरे बघतच नाहीत. राजेसाब मण्यार कसा आहे हे वळसंगच्या बाजारात कुणीही सांगेल. मला शाळेत घालायच्या आधी त्यांनी घरीच शिकवलं. बांगड्यांवर आकडे, पाटीवर अक्षरं, आणि धंद्याचा पहिला धडा — "नजर मनगटावर, कौसर. बाई तुझ्या हातात हात देते, तोंड नाही."

हे न्यायाधीशाला कोण पटवणार?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मी आमच्या शरच्चंद्र वकिलांकडे गेले. वाईट काही सांगायचं असलं की ते आधी चहा मागवतात. आज दोनदा मागवला.

नागपंचमीच्या आदल्या दुपारी ईरम्मा बाजारात आली, संध्याकाळी उसाच्या फडात सापडली. गळा दाबलेला, गंठण गेलेलं. मनगटांवर आणि बांगड्यांवर कातडीचे कण मिळाले, त्यांत अब्बांचा डीएनए. अब्बांचं रक्त नाही, केस नाही, कुणी पाहिलेलं नाही. नुसता स्पर्श! बाजारात बसणाऱ्या सगळ्यांचे नमुने घेतले तेव्हा अब्बा स्वतःहून पुढे झाले होते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली म्हणे. घरी येऊन हसत होते — "दांत नै गिने, बस!"

"अगं, सोपं आहे," वकील म्हणाले. "बांगडीवाल्याचा हात मनगटाला लागणारच. त्यांनी एवढंच म्हणायचं — चेहरा ओळखला नाही, पण बांगड्या मीच भरल्या असतील. म्हणतील ना?"

म्हणतील, मी म्हटलं. का नाही म्हणणार?

तिच्या हाताचा फोटोही दाखवला. हिरव्या बांगड्या. डावी करंगळी आत वाकलेली, मोडून तशीच जुळलेली. जास्त वेळ बघवलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

शेजारच्या प्रियंकावहिनी आमटी देऊन गेल्या. उंबऱ्याबाहेरूनच. "लेकरं भेत्यात, म्हणून गं."

शनिवार, ८ नोव्हेंबर

तुरुंगात मुलाखत. जाळीपलीकडे अब्बा. गालफडं बसलीत. पहिला प्रश्न — "अम्मी दवा खाती क्या?"

खाते म्हटलं. खात नाही. हेही खोटंच.

मग वकिलांचं सांगितलं. अब्बांनी ऐकून घेतलं. "हाथ कैसा था उसका?"

मी माझी करंगळी आत वाकवून जाळीपुढे धरली.

"ये हाथ मैं नै पकड्या."

"अब्बा, पंचमीला किती हात असतात! कसं आठवणार?"

"चेहरा भूलता मैं. हाथ नै."

"नुसतं 'असतील' म्हणा ना! 'असतील' म्हणायला काय जातं?"

"जो हाथ पकड्या नै, वो पकड्या बोलूं? तेरे कू यैच सिखाया क्या मैं?"

मला रडू आलं, रागही. करंगळी अजून तशीच वाकवलेली होती, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा आपोआप तिच्या पेरावर जाऊन बसला — बांगडी अडते तिथं दाबतात तसा. आणि माझ्या हाताला आठवलं.

अब्बा माझ्या हातांकडे बघत होते. मग माझ्या तोंडाकडे. त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"घर जा," म्हणाले. "किसी कू कुछ बोलनेका नै."

रविवार, ९ नोव्हेंबर

आता सगळं स्पष्ट आहे. लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

त्या दिवशी अब्बा जोहरच्या, दुपारच्या नमाजाला गेले होते, बांगड्यांच्या गाड्यावर मी. गर्दी. एक हात आला — कडक, डावी करंगळी वाकडी. बाई कानडीत काहीतरी पुटपुटली. साबण लावला, पाण्यानं भिजवला, बोटं चेपून एकेक बांगडी वर सरकवली. शेवटी मनगट पुसायला काही सापडेना. अब्बांचा खांद्यावरचा टॉवेल गाड्यावर होता, त्यांच्या घामानं ओला. त्यानंच पुसलं, दोन्ही हात.

चेहरा? मी बघितलाच नाही. शिकवलेलं नीट पाळलं.

पोलिसांना अब्बांनी सांगितलं होतं, गाड्यावर मी एकटाच. करमाळ्याच्या पाहुण्यांना कळू नये, जवान मुलगी बाजारात बसते म्हणून. माझं लग्न मोडू नये म्हणून! मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

वकिलांना सगळं सांगितलं. चहा मागवला नाही त्यांनी.

"अब्बांच्या अंगचं टॉवेलातून तिच्या हातावर जाऊ शकतं?" मी विचारलं.

"जाऊ शकतं, असं तज्ज्ञ म्हणेल. गेलंच, असं नाही म्हणणार. आणि आरोपीची मुलगी आत्ता, इतक्या दिवसांनी बोलते. पढवलेली म्हणतील, बाळ."

अम्मीला सांगितलं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "एक गया सो बस है. तू नक्को."

बुधवार, १२ नोव्हेंबर

काही नाही. दिवसभर हात धुतले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वकिलांचा फोन. प्रयोगशाळेचा पुरवणी अहवाल आला. ईरम्माच्या मनगटांवर अब्बांचा अंश थोडासाच आहे. त्याहून किती तरी जास्त एका बाईचा आहे, ओळख पटलेली नाही. पोलीस म्हणतात, राजेसाबनं गळा दाबला तेव्हा ईरम्माचे हात या बाईनं धरले होते. आता त्या बाईला शोधतायत.

"घराबाहेर पडू नकोस," वकील म्हणाले.

सोमवारी, १७ नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजता मी पोलीस ठाण्यात जाऊन माझा नमुना देणार.