आईच्या बाजूचं चाक

आप्पा, काल दौंडच्या घरासमोर तुमची गाडी जॅकवर चढवली आणि तुमची करामत उघड्यावर आली. डाव्या पुढच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप तुम्ही दुमडून, हातोड्याने चेपून बंद केला होता. नट गंजून जाम झालेला. पाना घसरवून घसरवून तुम्ही त्याचे कोपरे गोल केले, आणि तो निघेना म्हणून त्या चाकाचा ब्रेकच मारून टाकलात. गावभर तुम्हाला मिस्त्री म्हणायचे.

म्हणजे ब्रेक लावला की गाडी उजवीकडे ओढायची ती यामुळे. भांडगावजवळ मला शिकवताना तुम्ही म्हणायचात, "तिचा सोभावच हाय तो. ब्रेक दाबताना स्टेरिंग जरा डावीकडं धरायचं." ते इतकं अंगात मुरलंय की शिरूरला माझ्या धड गाडीतही माझा हात आधी डावीकडे जातो. पाना मात्र कधी हातात दिला नाहीत. "पोरीच्या मनगटाचं काम न्हाई."

मनगटाचं काम नव्हतंच. गंज घासायचा, तेल सोडायचं, ते मुरू द्यायचं, नट आधी किंचित आवळायचा आणि मग सोडायचा. तुम्हाला थांबणं जमत नव्हतं, आणि त्याला तुम्ही धडाडी म्हणायचात. मेलेल्या माणसाला असं बोलणं सोपं असतं, कळतं मला. तरी खोडत नाही. कारण त्या बाजूला कायम आई बसायची.

आज नवा पाइप टाकला. उद्या तिला याच गाडीतून वडगाव रासाईला मावशीकडे न्यायचंय. ब्रेकमधली हवा काढायला पेडलवर माणूस लागतो, म्हणून तिलाच बसवलं. मी चाकापाशी.

"दाब. धरून ठेव."

"धरलाय की. ह्यांनी मला हितं कवाच बसवलं न्हाई. ह्यांचं सगळं एकट्याचं."

"आता सोड."

"काय झालं हुतं गं?"

चेपलेला पाइप माझ्या पायाशी पडला होता. नुसता उचलून दाखवला असता तरी तिला कळलं असतं.

"गंज," मी म्हटलं.

"तरीच. ह्यांच्या हातची गाडी, गंजाबिगर दुसरं काय बिघडणार तिचं?"

पाइप भंगारात गेला. तुमची अब्रू मी झाकली, आप्पा. ती फक्त आईसाठी झाकली, असं इथे लिहिणार होते. लिहवलं नाही.