काळी पाचचा कट

२ मार्च, रविवार
कॉलनीच्या हॉलबाहेर नोटीस. आपला नाटकाचा ग्रुप यंदा म्युझिकल करतोय. मुख्य काम राजाचं, सात गाणी. ऑडिशन सोळा तारखेला. नोटीस अर्धी झाडाच्या कुंडीमागे लावली होती. मी बघू नये म्हणूनच. बघितली.

राजा मीच. यात वादच नाही. आवाज आहे, उंची आहे, पोटसुद्धा राजाला शोभेल असं आहे. आणि मुख्य म्हणजे कारण आहे. आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं. दिवसभर माणसं माझ्यासमोर बसतात, पण माझ्याकडे एकही बघत नाही. सगळे माझ्या मागच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघतात. एकदा तरी भरलेल्या हॉलने माझ्याकडे बघावं. बाकी काही नको. हे कुणाला सांगितलेलं नाही. हिलाही नाही.

३ मार्च
हिला कळलं. कसं, ते तपासतोय. ही म्हणते, काल संध्याकाळपासून बाथरूममधून 'प्रजाजनहो' ऐकू येतंय.

५ मार्च
संकल्प. रोज पहाटे रियाज, उद्यापासून. आइस्क्रीम बंद, फ्रीजमधलं संपलं की. आणि कुणावरही विश्वास नाही. हा तात्काळ लागू.

६ मार्च
उठलो नाही. अलार्म वाजलाच नाही. ही म्हणते वाजला, आणि तुम्हीच बंद करून कूस बदललीत. मी झोपेत असताना मी काय केलं याची साक्षीदार फक्त हीच. लक्षात ठेवलंय.

८ मार्च
ऑडिशनचं गाणं मिळालं. राजाचंच, सगळ्यांना एकच. हॉलपाशी दातांचा डॉक्टर दिसला. माझ्या शेजारच्याच गाळ्यात त्याचा दवाखाना. मला बघून हसला. इतके दात दाखवून कोणी उगाच हसत नाही. म्हणजे हाही राजाच्या मागे. मनात ह्याला मी दातवाला म्हणतो. दिसायला अगदी साळसूद, पण आतल्या गाठीचा.

रियाज आता दुकानात, नजर तपासायच्या अंधाऱ्या खोलीत. दार बंद, पडदा ओढलेला. बाहेर एक आजीबाई वाट बघत बसल्या होत्या. मी बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, आत कुणाला फार दुखतंय का. त्या दातवाल्याच्याच पेशंट. बरोबर.

९ मार्च
आज घरी रियाज. ही स्वयंपाकघरात गुणगुणत होती. माझंच गाणं! मी आत गेलो तर गप्प. खडसावून विचारलं. म्हणते, सकाळपासून भिंतीतून तेच येतंय, तोंडात बसलं. वर सांगते, तिसऱ्या ओळीला तुम्ही घसरता, श्वास आधी घ्या. हिला हे कोणी शिकवलं? सक्त ताकीद दिली, गाणं बाहेर फुटता कामा नये, घरात सुद्धा गुणगुणायचं नाही. बरं म्हणाली. इतक्या सहज बरं म्हणाली म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

११ मार्च
ही दातवाल्याकडे जाऊन आली. दाढ, म्हणे. आठवड्यात दुसऱ्यांदा. इतका वेळ त्याच्या खुर्चीत, तोंड उघडं. उघड्या तोंडातून काय काय निसटू शकतं. येताना गाल सुजवून आली. बोट लावून बघितलं, कळवळली. सूज खरी आहे. तरीपण.

१३ मार्च
कीबोर्ड वाजवणारे मास्तर दुकानात आले. प्रत्येकाची पट्टी आधी विचारून ठेवतायत, म्हणजे त्या दिवशी खोळंबा नको. बोलताना त्यांची कवळी टकटक वाजत होती. कवळी कोणी बसवली? दातवाल्याने. मास्तर त्याच्या खिशात आहेत, उघड आहे.

माझी पट्टी काळी एक. मी सांगितली काळी पाच. मास्तर दचकलेच. म्हणाले, अहो, ती बायकांची पट्टी, फार वर जाईल. मी नुसता हसलो. आता ही बातमी दातवाल्याला लागणार, तो माझ्यावर कडी करायला काळी पाचमध्ये किंचाळत बसणार, आणि रविवारपर्यंत घसा बसवून घेणार. खरी पट्टी मी मास्तरांना ऐनवेळी कानात सांगेन. याला डोकं लागतं.

१५ मार्च
फ्रीजमधलं आइस्क्रीम संपलं. ठरल्याप्रमाणे.

१६ मार्च, रविवार, सकाळ
आवाज किंचित घोगरा, म्हणजे भारदस्त. कोमट पाण्याचा थर्मास हिच्याकडे दिलाय. बजावलंय, हॉलमध्ये त्याच्यावरची नजर हलवायची नाही, कोणी बर्फ टाकेल. ही म्हणाली, बरं. आज राजा होऊनच येतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

स्टेजवर गेलो. मास्तरांच्या खांद्याला खांदा लावून दातवाला उभा! हातात वायर. त्याच्यादेखत कानात कसं सांगणार? म्हणून मी डोळा मारला आणि एक बोट दाखवलं. एक, म्हणजे काळी एक. मास्तरांनी मान डोलावली आणि होती त्यापेक्षा आणखी एक वर चढवली.

पहिली ओळ निघाली. दुसरीला मान ताणली. तिसरीला आवाज नुसता गेलाच. तोंड उघडं, आवाज नाही. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. हेच मला हवं होतं. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

तेवढ्यात मागच्या खुर्चीतून ही म्हणाली, मास्तर, एक खाली घ्या. आणि थर्मास मांडीवर धरून माझी ओळ म्हणायला लागली. हळूच, मला धरून घेता यावं म्हणून. मला काही धरता येईना. ती म्हणत राहिली. श्वास तिसऱ्या ओळीच्या आधी घेतला. संपलं तेव्हा हॉलमधली सगळी डोकी मागे वळलेली.

घरी येताना विचारलं, ही फितुरी कधीपासून? म्हणाली, अहो, तुम्ही पडत होतात.

१८ मार्च
दिग्दर्शिकाबाई दुकानात आल्या. चष्मा सैल झाला होता, म्हणे. स्क्रू पिळून देईपर्यंत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. राजा रद्द. त्याची राणी केली, सातही गाणी तिचीच. काम हिचं. ही दोनदा नाही म्हणाली म्हणे, घरी विचारते म्हणाली. मला अजून विचारलेलं नाही.

दातवाल्याचं विचारलं. बाई गोंधळल्या. तो लाइट्स बघतो, दरवर्षी. गाण्याला त्याने फॉर्मच भरला नव्हता. म्हणजे उगाचच हसायचा? कोणी असा उगाच का हसेल?

मलाही काम आहे. द्वारपाल, सगळ्या प्रवेशांत. बाई म्हणाल्या, डोळ्यांत जो संशय हवाय तो तुमच्याकडे आयता आहे.

१९ मार्च
हिने विचारलं नाही. भाजी चिरत होती, तोंड बंद. नऊ तारखेपासून गुणगुणणं बंदच आहे. मी ताकीद दिली होती ना. घर फार शांत वाटलं. शेवटी मीच म्हणालो, घे ते काम. हिने सुरी खाली ठेवली आणि रडली. मग म्हणाली, दाढ दुखतेय. दाढ नव्हती ती. एवढं मलाही कळतं.

२३ मार्च, रविवार
पहिली तालीम. हातात भाला. द्वारपालाने समोर बघायचं, मान वळवायची नाही, वाक्य एकही नाही. माझ्या मागे सिंहासन, सिंहासनावर ही. म्हणजे परत तेच. लोक माझ्यासमोर बसणार आणि माझ्या मागे बघणार.

हिने पहिलं गाणं म्हटलं. काळी पाच. मला वळून बघावंसं वाटलं. चक्क वाटलं. बाई ओरडल्या, द्वारपाल, समोर बघा. यात बाईंचा काय डाव आहे ते अजून कळलेलं नाही. पण सात गाणी आहेत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच हिचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागणार, मध्ये एक शब्द न बोलता.