कावळ्यासमोर डबल बास

२ नोव्हेंबर
डबल बास, म्हणजे माझ्याहून उंच असं खर्जातलं व्हायोलिन; त्यावरच्या करिअरला आज चौदा वर्षं झाली. गुरू नाही. सगळं यूट्यूब आणि स्वतःचा कान. इतरांना ठेका लागतो, चाल लागते; मी दोन्ही मागे टाकून फ्री जॅझपर्यंत आलो. काशीदच्या रिसॉर्टमध्ये गेल्या वर्षी दुसऱ्या पीसला लोक उठले, ते जेवण लागलं म्हणून. नोंद असावी.
निश्चय: मार्चपर्यंत सोलो अल्बम. रोज सहा तास रियाज, आजपासून.
आज हवा फार दमट. उद्यापासून.

४ नोव्हेंबर
दादा म्हणाला, हऱ्या, वाडीत सुपारी पडून सडतेय, जरा वेचून घे, माझ्यानं वाकवत न्हाय आता. छातीत दुखतं म्हणतो. हो म्हटलं. पण ओल्या सुपारीने बोटांची कातडी मऊ पडते आणि डाव्या हाताचे घट्टे बनवायला मला वर्षं लागलीत. तसं समजावलं. बरं, म्हणाला. समजूतदार माणूस.
खरं तर हे घर चालतं माझ्यावर. आमच्या होमस्टेला पाहुणे येतात समुद्रासाठी, पण त्यांच्या लक्षात राहतो बास. इंटरनेटवर चौघांनी तसं लिहिलंय. भाषा चांगली नाही, पण लक्षात राहिलाय.

७ नोव्हेंबर
निश्चय: उद्या सकाळी सुपारी. हातमोजे घालून.

८ नोव्हेंबर
हातमोजे सापडले नाहीत.

९ नोव्हेंबर
दादा गेला.
सकाळी स्वतःच टोपली घेऊन वाडीत गेला होता. पोफळीखाली पडला. केसरवहिनी मला हाका मारत होत्या म्हणे. मी आत सर्वांत जाड तारेवर गज ओढत होतो. त्या सुरात बाहेरचं काही ऐकू येत नाही. हा वाद्याचा दोष नाही, गुण आहे.

१२ नोव्हेंबर
सुतक. वाजवायचं नाही, असं धनेशने बजावलं. दादाचा मुलगा, होमस्टे तोच बघतो. मी म्हटलं, अरे, शांतता हासुद्धा जॅझच. तो म्हणाला, मग काका, तीच जरा जास्त वाजवत जा.
दादा माझा एकमेव नियमित श्रोता. रोज संध्याकाळी मी वाजवायला बसलो की तो ओटीवर येऊन बसायचा. पाहुणे काही सांगायला आले तर हात जोडून त्यांना तिथूनच परत पाठवायचा, मला व्यत्यय नको म्हणून. त्याची इच्छा मला ठाऊक आहे: मी मुंबईत स्टेजवर वाजवावं. बोलून कधी दाखवली नाही. अशा गोष्टी भाऊ बोलत नसतात.

१७ नोव्हेंबर
उद्या दहावं. समुद्रावर पिंड ठेवायचा. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल तर कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी तसा शब्द द्यायचा. बाकीच्यांनी हवं ते कबूल करावं, कावळा माझ्या शब्दावरच येणार. बास न्यायला टेम्पो सांगितला.

१८ नोव्हेंबर
सुरूच्या झाडांवर कावळे पुष्कळ, पिंडाकडे एक येईना. धनेश हात जोडून म्हणाला, बाबा, वाडी विकणार नाही. कावळे ढिम्म. आईला एकटी ठेवणार नाही. ढिम्म. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले.
मी पुढे झालो. म्हटलं, दादा, मुंबईत वाजवीन, शब्द देतो. आणि गज ओढला. खास दादासाठी केलेला पीस.
झाडून सगळे कावळे उडाले. पार खाडीपलीकडे.
धनेश ओरडला, काका, बस करा हो, बाबा अडकलेत तिथं! मागून कुणीतरी म्हणालं, जित्याला न्हाय सोडलंस, मेल्याला तरी सोड.
बास टेम्पोत नेऊन ठेवला. बऱ्याच वेळाने दोन कावळे परतले, लांबच बसले. तेव्हा बायकांतून वहिनी उठल्या. पदर सावरला आणि चहाला विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, अवो, भावजींना आमी टाकनार न्हाय. त्यांच्या ताटात कमी पडू देनार न्हाय. मी हाय तवर मी, मंग धनेश. जावा आता तुमी.
त्यांचं बोलणं संपायच्या आत कावळ्याने पिंडात चोच घातली.
पिंडाकडे कोणीच बघत नव्हतं. माझ्याकडे बघत होते.

१९ नोव्हेंबर
योगायोग. कावळ्याला भूक लागली असणार.

२० नोव्हेंबर
ओटीवर दादा ऐकायलाच बसायचा. दुसरं काय कारण असेल? वहिनींना विचारावं म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. काय हवं का भावजी, म्हणाल्या. काही नाही म्हटलं.

२१ नोव्हेंबर
तेरावं. गोडाचं जेवण. पंगतीला भटजी, सोयरे, शेजारी. वहिनींनी पहिलं ताट माझ्यासमोर आणून ठेवलं. भटजींच्याही आधी. काठोकाठ वाढलेलं.
जेवलो.