उघाडीवरची हाक

४ ऑक्टोबर १९३२
पोहोचलो एकदाचा. रत्नागिरीपासून जवळच ही खाडी. येसूबाईंच्या पडवीत खाट मिळाली, तिसऱ्यांदा भात वाढून घेतला. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाखाली दगडी मोरी आहे, तिच्या खाडीकडच्या तोंडाला फळी. तिला इथे उघाडी म्हणतात. ती आपोआप मिटेल असं यंत्र मी बसवणार. भरती चढली की पिंप तरंगेल, साखळी कळ सोडेल, फळी खाली. माणूस नकोच.

५ ऑक्टोबर
उघाडी राखणारा भागोजी म्हणजे डोक्याला ताप. त्याची सून राही आणि इतर बाया मोरीत कुर्ल्या म्हणजे खेकडे धरतात. म्हणून हा फळी टाकण्याआधी तीनदा ओरडतो, कोन हाय का आत. शेवटची बाई बाहेर पडून ‘आता कोन नाय’ म्हणेपर्यंत ढिम्म हलत नाही. आज त्याला काढून टाकला. शेताकडच्या तोंडाला लोखंडी गज ठोकले. शिरा म्हणावं आता.

७ ऑक्टोबर
यंत्र झकास चाललं. भागोजी विचारत आला, राही कुठे दिसली का. मी काय तिचा राखणदार आहे? पालीला माहेरी गेली असेल, म्हटलं.

८ ऑक्टोबर
ओहोटीला राही सापडली. खाडीकडून शिरली होती. पुढे फळी, मागे गज, मधे तुंबलेलं पाणी. बोटं गजांवरून सोडवावी लागली. पंचनाम्यात अपघात असं लिहून पोलीस गेले. भागोजी एवढंच म्हणाला, हाक मारली असती तर ती आली असती. मी तिला आत जायला सांगितलं होतं का? सगळा गाव माझ्याकडे बघतो. संताप येतो नुसता.

९ ऑक्टोबर
फळी मिटेना. वीतभर वर अडकते. खारं पाणी तयार भातात शिरलं. भागोजीनेच दगड घातला असणार, हरामखोर. तो म्हणतो, राही धरून आहे.

१० ऑक्टोबर
पुन्हा तेच. दगड नाही. फळीच्या खालच्या कडेला बोटांच्या खुणा— आतल्या बाजूने.

११ ऑक्टोबर
स्वतः आत आलोय. मापं टिपायला वही घेतली. भागोजीला बजावलंय, साखळी धरून ठेव, मी सांगेपर्यंत सोडू नको. फळी तर मोकळी आहे. मग अडतं कुठे—

भागोजी हाक मारतोय. कोन हाय का आत. मी आहे म्हणून ओरडलो.

दुसरी हाक. बहिरा झाला का हा— घसा फुटेस्तोवर ओरडलो—

तिसरी.

माझ्या मागे, गजांपाशी, एक बाई शांतपणे म्हणाली, आता कोन नाय.

साखळी—