पासष्टची रिव्हिएरा आणि तिची उजवी बाजू

४ मे, रविवार

माझ्या कंबरपट्ट्यावर आज घोर अन्याय झाला! त्याची दाद या वहीत नाही तर कुठे मागायची? बकलाने त्याच्या जुन्या रिव्हिएरा गाडीच्या आसनाचं मूळ चामडं ओरखडेल म्हणून थर्मनने तो सोडायला लावला आणि गॅरेजातल्या खिळ्याला टांगला. मी दोन्ही हातांनी विजार सावरत गाडीतून आमच्या फ्लिंट गावभर फिरलो. चर्चमधून सुटलेल्या बायका हात हलवत होत्या. मला उलट हलवता येईना!

'काय प्रोफेसर, आज फारच गंभीर?' — थर्मन.

मी ग्रंथपाल आहे. शेजारी राहायला आलो तेव्हापासून त्याला हे सांगतोय. पण शाळेत बँड शिकवलेला माणूस. स्वतःच्या वाद्याशिवाय दुसरं काही ऐकत नाही.

११ मे

पेट्रोल पंपावर कोणीतरी विचारलं, 'कोणत्या सालची हो?' झालं! पुराण लागलं. त्रेसष्टला ही गाडी आली — इथेच, आमच्या गावात बांधली. पासष्टला दिवे मडगार्डांच्या टोकात लपवले. बटण दाबलं की पापण्या उघडतात. सहासष्टला अंगाने सुटली. एकाहत्तरला पाठ होडीसारखी निमुळती. मग आखडली, मग पुढच्या चाकांनी ओढू लागली, आणि नव्व्याण्णवला वंश खुंटला. आठ पिढ्या. दशावतारांना दोन कमी, पण भक्ती तेवढीच. श्रोता पेट्रोल भरून केव्हाच निघून गेला होता. थर्मनने फलश्रुतीपर्यंत पूर्ण केलं. ऐकायला मी होतोच.

१८ मे

शान्तं पापम्! उजव्या मडगार्डवर ओरखडा! साठ वर्षं कारखान्यातला रंग अंगावर बाळगणारी बाई, आणि आज —

थर्मन म्हणतो, बाजारातल्या पार्किंगमध्ये कोण्या गाढवाने घासली. असेल. पण त्याच्या गॅरेजच्या खांबाला तोच मोरपंखी रंग लागलाय. तो मी पाहिला.

२४ मे, शनिवार

जुन्या गाड्यांच्या क्लबची मंडळी भिंग घेऊन आली. अध्यक्ष रूफस गुडघ्यावर बसला. म्हणाला, 'थर्मन, ब्रश लावशील तर मेळ्यात "जशीच्या तशी" वर्गातून बाहेर. नव्याने रंगवलेल्या पोरींच्या रांगेत बसावं लागेल हिला.'

'मग तशीच ठेवू?'

'ठेव. ओरखडा प्रामाणिक आहे. रंग खोटा असतो.'

दुसरा म्हणाला, निदान मेण तरी. रूफस भडकला — मेण कुठलं? त्या काळातलं की आजचं? दुपारभर शास्त्रार्थ! थर्मनच्या पत्नी मिस ओडेसांनी (इथे मानाने विवाहितेलाही 'मिस' म्हणतात) पीच कॉब्लर, म्हणजे पीचच्या फोडींवर पिठाचा थर देऊन भाजलेलं गोड, आणून ठेवलं, नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, 'मी चाळीस वर्षांपूर्वी बाळंत झाले, तेव्हाही एवढी माणसं जमली नव्हती.'

ओरखडा कसा पडला, हे मात्र एकाही पंडिताने विचारलं नाही. मीही नाही. कॉब्लर दोनदा घेतलं.

१ जून

विचारलं. गाडीतच, नदीकाठी थांबलो होतो तेव्हा. थर्मनने स्टिअरिंग सोडलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

'उजवा डोळा गेला, प्रोफेसर. मार्चमध्येच. काचबिंदू. डाव्याचंही काही खरं नाही. डॉक्टर म्हणाला, गाडी बंद.'

'मिस ओडेसांना —?'

'वेडा आहेस का? ती त्याच दिवशी किल्ली नदीत टाकेल.' मग हसला. 'ऑगस्टचा मेळा होऊ दे. सॅगिनॉ स्ट्रीटच्या विटांच्या फरसबंदीवरून एकदा मिरवू दे हिला. तोवर तू माझा उजवा डोळा. तुला काय, माझ्या उजवीकडे बसायचंच आहे. कोपरा आला की बघायचं आणि सांगायचं, मोकळं आहे.'

या गावात गाडी न चालवणारा मी एकटा. लोक मला सौम्य वेडा समजतात. आणि याने मला डोळा केला! 'बरं' म्हणालो. घरी येऊन जरा ताठ चालत होतो, हेही लिहून ठेवतो.

८ जून

सुचवलं — उजव्या बाजूला एक आरसा बसवा. पासष्टला त्या बाजूला आरसा येतच नसे, डावीकडे, चालकाच्या बाजूला, एकच.

'भोक पाडू?' असा आवाज मी त्याच्या तोंडून त्याच्या भावाच्या मयतीलाही ऐकला नव्हता. 'मूळ पत्र्याला भोक?'

'माणूस मरण्यापेक्षा बरं.'

'रूफस गुण कापेल!'

आरसा बसला नाही.

२२ जून

मोकळं आहे. मोकळं आहे. थांबा, बस येतेय. मोकळं आहे. जपासारखं झालंय. जमतंय मला!

१३ जुलै

कोपऱ्यावर थर्मनने विचारलं, 'प्रोफेसर?' मी म्हणालो, 'मोकळं.' आणि धप्!

एका बाईने मडगार्डवर तळवा मारला होता. सायकल उजव्या चाकापासून हातभर अंतरावर. मागे छोट्या आसनावर मूल. 'आंधळा आहेस का रे म्हाताऱ्या?' — ओरडली. मूल हसत होतं. मी उतरलो, माफी मागितली. ती निघून गेली.

थर्मनही उतरला, चाचपडत पुढे आला. आधी कुठे हात लावला? मडगार्डला! 'रंगाला काही नाही झालं,' म्हणाला. मग पायरीवर बसावं तसा मागच्या बंपरवर बसला — ज्यावर मला टेकूही देत नाही. हात गुडघ्यांत धरून.

'तू बघितलं होतंस ना?'

'बघितलं होतं,' म्हणालो.

नव्हतं बघितलं.

१५ जुलै

ग्रंथालयात आज तीन जणांना चुकीची पुस्तकं दिली. एकाने परतही आणलं नाही, वाचतोय म्हणे.

झोप नाही. उठतो, पाणी पितो, खिडकीतून थर्मनच्या गॅरेजचं दार बघतो. बंद आहे, हे तपासायला.

२० जुलै

रविवार. बेल वाजली. वाटलं, आज नाही म्हणावं. थर्मन दारात, नवी टोपी घालून: 'चल रे पंडिता, बाई वाट बघतेय.' गेलो. सगळा वेळ डोळे फाडून बसलो, मान आखडली. एकदा उगाचच 'थांबा!' ओरडलो — कचऱ्याचा डबा होता. थर्मन खदखदून हसला. मीही हसलो. हसताना बरं वाटलं, त्याचाच राग येतोय.

२ ऑगस्ट

मिरवणुकीचा मार्ग ठरला. दोन्ही कडांना माणसं, पुढे फुटपाथच्या काठावर पोरं पाय सोडून बसतात. दरवर्षी बसतात. मीही त्यांना बिस्किटं वाटलीत.

रूफस म्हणतो, या वर्षी पहिल्या बक्षिसाची फीत थर्मनचीच. 'साठ वर्षांत रंगाला हात नाही! आता ही गाडी तूच चालवत आणायची. नियमच आहे, मालकानेच.'

थर्मनने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे डाव्याने.

६ ऑगस्ट

संध्याकाळी कुंपणापाशी मिस ओडेसा टोमॅटो तोडत होत्या. म्हणाल्या, 'तू त्याच्याबरोबर असतोस म्हणून मी निश्चिंत असते बघ. या वयात त्याला एवढा खूश बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.' ओंजळभर टोमॅटो दिले. मी ते घेतले, आभार मानले आणि घरात आलो.

कापलेसुद्धा नाहीत.

९ ऑगस्ट

मिस ओडेसांना सांगितलं. डोळा, खांब, सायकल, माझं 'मोकळं', सगळं. त्या आत गेल्या, किल्ली घेऊन आल्या, माझ्या हातात ठेवली. 'माझ्या हाती राहिली तर मी त्याला परत देईन,' म्हणाल्या.

बाहेर थर्मन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता घरात गेला.

सायकलवाल्या त्या कोपऱ्यावर मी रस्ता बघत नव्हतो. थर्मन शेजारी बसून जुन्या गोष्टी सांगत होता, ते ऐकत होतो. या गावात मला दुसरं कोणी काही सांगत नाही. उद्या रविवार आहे. बेल वाजणार नाही, याचीच मला भीती वाटते.